केल्ट गोरे की सावळे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

टॅसिटस नावाचा एक रोमन इतिहासकार होऊन गेला. त्याचा सासरा ॲग्रिकोला हा ब्रिटनचा रोमन सुभेदार होता. सासरा वारल्यानंतर टॅसिटसनं इसवी सन ९८ च्या सुमाराला त्याचं छोटेखानी चरित्र लिहिलं. ब्रिटनमधली माणसं मुळात आली कुठून, याबद्दल त्यात मोजकीच वाक्यं आहेत. त्यांचा मथितार्थ असा : उत्तरेकडच्या कॅलेडोनियातले, म्हणजे आजच्या स्कॉटलंडमधले लोक तांबूस केसांचे आणि हाडापेरानं थोराड आहेत, तेव्हा ते मूळचे जर्मन असावेत. दक्षिण वेल्समधले सिल्युरीज लोक सावळे आणि कुरळ्या केसांचे आहेत, आणि त्यांच्या समोरच स्पेन आहे. तेव्हा ते आयबेरियातून आले असावेत. गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या जवळ राहणारे लोक दिसायला गॉलांसारखे आहेत. रक्त एक असेल, नाहीतर हवापाणी सारखं असेल.

आता नकाशा उघडून पाहिला तर दक्षिण वेल्सच्या समोर स्पेन कुठेच नाही. मध्ये कॉर्नवॉल आहे आणि शेकडो मैलांचा समुद्र आहे. रोमन भूगोलवेत्त्यांच्या समजुतीत स्पेन बराच वर सरकलेला होता. स्वतः टॅसिटसनंही सुरुवातीलाच सांगून ठेवलं आहे की या लोकांचं मूळ नक्की कुणालाच ठाऊक नाही. पण नंतरच्या लोकांनी त्याची ही शंका सोडून दिली आणि तेवढा तर्क उचलला. पुढे युरोपातले विद्वान या चार वाक्यांना धरून भांडत राहिले. केल्ट गोरे की सावळे? आयबेरियन कोण? आयरिश माणूस स्पेनमधून आला का? भांडण केसांच्या रंगावरून चाललं होतं. पण जमीन कुणाची आणि माणूस म्हणून कुणाला वागवायचं, हे प्रश्न त्याच्या आड दडलेले होते.

मुळात केल्ट कोण? आल्प्सच्या पलीकडे राहणाऱ्या लोकांना ग्रीक 'केल्टॉय' म्हणत. ज्युलियस सीझरनं गॉलच्या मोहिमेची हकिगत लिहिली. आपण ज्यांना गॉल म्हणतो ते स्वतःला केल्ट म्हणवतात, असं तो सांगतो. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला ग्रीक लेखक डायोडोरस या लोकांचं वर्णन करतो : उंचेपुरे, गोरे, पिवळसर केसांचे. आणि पुढे सांगतो की केसांचा रंग आणखी उजळावा म्हणून ते चुन्याच्या पाण्यानं केस धुतात. मला हे वाचून हसू येतं. ज्या रंगावरून वंश ठरवायचा, तो रंगच थोडाफार लावलेला! रोमच्या बाजारात गुलाम म्हणून उभा राहिलेला किंवा लढाईत अंगावर धावून आलेला गॉल या लेखकांच्या डोळ्यांसमोर होता. आपल्यापेक्षा वेगळं जे दिसलं तेच त्यांनी टिपलं. आपल्यासारखे दिसणारे गॉल कशाला कुणाच्या लक्षात राहतील?

आज ज्या आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंडच्या लोकांना आपण डोळे झाकून केल्ट म्हणतो, त्यांना प्राचीन लेखक सहसा केल्ट म्हणत नाहीत. हे नाव त्यांना मिळालं भाषेमुळे, आणि तेही फार उशिरा. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड ल्युइड हे वेल्श गृहस्थ. त्यांनी १७०७ मध्ये एक ग्रंथ छापला आणि वेल्श, आयरिश, कॉर्निश, ब्रेटन या भाषा एकमेकींच्या बहिणी असून जुन्या गॉलच्या भाषेशी त्यांचं नातं आहे, हे शब्दांच्या याद्या देऊन दाखवलं. या भाषांना 'केल्टिक' हे नाव रूढ झालं. मग भाषेचं नाव बोलणाऱ्यांना चिकटलं, आणि हळूहळू त्यांच्या रक्तालाही.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडे येतो. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी ते प्रसिद्ध व्याख्यान दिलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असं ते म्हणाले. आणि केल्टिकही बहुधा त्याच घरातली असावी, अशी पुस्ती त्यांनी जोडली. पुढे भाषाशास्त्रज्ञांनी ते सिद्ध केलं. आपला संस्कृत 'राजन्', आयरिश भाषेतला 'री' आणि सीझरशी लढलेल्या व्हर्सिंजेटोरिक्सच्या नावातला 'रिक्स' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. आपला 'अश्व' आणि जुन्या आयरिशमधला 'एख' हेही तसेच. कवीला याचा आनंद न झाला तरच नवल. पण भाषांचं कुटुंब म्हणजे माणसांचं कुटुंब, असा अर्थ काढला की घोटाळा सुरू होतो. शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो. त्यासाठी रक्ताची गरज लागत नाही.

हा घोटाळा एकोणिसाव्या शतकात किती महागात पडला ते पाहण्यासारखं आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगानं गेलं आणि भीषण दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि निदान तितकीच देश सोडून गेली. या सगळ्या काळात त्या देशावर लंडनचं राज्य होतं. नेमक्या त्याच सुमाराला, १८५० मध्ये, एडिंबरोचे शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट नॉक्स यांनी मानववंशांवर पुस्तक काढलं. केल्ट हा वेगळा आणि न सुधारणारा वंश आहे, इंग्लंडच्या सुरक्षिततेसाठी त्याला त्या भूमीवरून हटवायला हवं, असा त्यांचा सूर होता. १८६० मध्ये चार्ल्स किंग्जली या पाद्री कादंबरीकारानं आयर्लंड पाहिलं आणि बायकोला पत्र लिहिलं. तिथल्या उपाशी माणसांना त्यानं चिंपांझीची उपमा दिली, आणि त्यांची कातडी गोरी असल्यामुळे हे बघवत नाही, अशी तक्रार केली. 'पंच' साप्ताहिकातले व्यंगचित्रकार आयरिश माणसाला माकडाचा जबडा देत होते. माणसं उपाशी का मेली, या प्रश्नाला 'त्यांचा वंशच तसा' हे सोयीचं उत्तर होतं. ते एकदा दिलं की धान्याचा, खंडाचा, जमीनदारांचा हिशेब द्यावा लागत नाही.

याच वातावरणात ब्रिस्टलचे डॉक्टर जॉन बेडो काम करत होते. माणूस चिकाटीचा. खिशात छोटी कार्डं आणि पेन्सिल घेऊन ते गावोगावच्या रस्त्यांवर, बाजारांत उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या केसांचा आणि डोळ्यांचा रंग टिपत. अशी वर्षानुवर्षं खपून त्यांनी १८८५ मध्ये 'द रेसेस ऑफ ब्रिटन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एक सूत्र होतं, काळेपणाच्या निर्देशांकाचं. गडद तपकिरी केसांची माणसं मोजायची, त्यांत काळ्या केसांच्या माणसांची संख्या दुप्पट करून मिळवायची आणि त्यातून तांबड्या आणि सोनेरी केसांची माणसं वजा करायची. येईल तो आकडा म्हणजे त्या गावाचा काळेपणा. पश्चिम आयर्लंड आणि वेल्सकडे हा आकडा चढत जातो, असं नकाशे काढून त्यांनी दाखवलं. आणि तिथल्या काही चेहऱ्यांचा संबंध थेट आफ्रिकेशी जोडून पाहिला. टॅसिटसचे सावळे सिल्युरीज असे पुन्हा कामाला लागले. ब्रिटनच्या मूळच्या बुटक्या, काळ्या लोकांना 'आयबेरियन' म्हणण्याची पद्धतच त्या काळात पडली.

वाद इतका गुंतला की ब्रिटनमध्ये 'केल्ट' म्हणजे कधी तांबड्या केसांचा, कधी काळ्या केसांचा. फ्रान्समधल्या काही शास्त्रज्ञांच्या लेखी केल्ट म्हणजे गोल डोक्याचा, बुटका, काळसर शेतकरी. आणि ग्रीकांच्या पुस्तकातला केल्ट तर उंच, गोरा, पिवळ्या केसांचा. एकाच शब्दात तीन-तीन चेहरे. हे न पटणारेही होते. १८७० च्या सुमाराला थॉमस हक्सली यांनी बजावलं की भाषेवरून रक्त ओळखता येत नाही. डेव्हनचा इंग्रज आणि टिपररीचा आयरिश यांच्या रक्तात फरक आहे असं मानून राजकारण करण्याला काही आधार नाही. त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं, पण मोजणी थांबली नाही.

ती मोजणी बोटीत बसून आपल्याकडेही आली. हर्बर्ट रिस्ली हे १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त. नाकाची रुंदी आणि लांबी यांच्या प्रमाणावरून जातीची पायरी ओळखता येते, असा त्यांचा सिद्धान्त. हिंदुस्थानातल्या माणसांचे त्यांनी सात प्रकार पाडले. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांना आणि कुणब्यांना त्यांनी एकाच खणात घातलं, 'सिथो-द्रविड'! सिथियन लोक इथे येऊन मिसळले, याला पुरावा काय? तर डोक्याचा आकार.

या शास्त्राला त्याच्याच घरात जाऊन नकार देणारी एक बाई महाराष्ट्रातली होती, याचा मला अभिमान वाटतो. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे पुढे नाझींच्या वंशविचाराचे एक आधारस्तंभ ठरले. युरोपियनांच्या कवटीच्या दोन बाजूंत जो फरक असतो तो त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, हे इरावतीबाईंनी दाखवून द्यावं अशी त्यांची अपेक्षा होती. बाईंनी कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला : असा काहीही संबंध दिसत नाही. परतल्यावर त्यांनीही इथे माणसांची मोजमापं घेतली, ते त्यांच्या काळाचं शास्त्रच होतं. पण मोजपट्टी जे सांगत नाही ते तिच्या तोंडी घालायचं नाही, एवढं पथ्य त्यांनी पाळलं.

माझ्या वाट्याला हा विषय पुस्तकातूनच आला असं नाही. मी मराठीत कविता लिहितो, मुसलमान आहे. कविसंमेलन संपलं की कुणीतरी प्रेमानं जवळ येतं आणि विचारतं, "मराठी फार छान आहे हो तुमचं. पण तुम्ही मूळचे कुठले?" मी तालुक्याचं नाव सांगतो. "नाही, त्याच्या आधीचे?" मग विचारणाऱ्याची नजर माझ्या नाकावरून, डोळ्यांवरून फिरते. घरच्यांचं म्हणाल तर आमच्याकडेही कुणीतरी अरबस्तानातून गलबतानं आल्याची गोष्ट आहेच, आणि ती सांगताना आमच्या वडीलधाऱ्यांचा आवाज जरा चढतो. आजीचा सावळा रंग आणि तिच्या ओव्या त्या गोष्टीत बसत नाहीत, म्हणून त्या सोडून दिल्या जातात. आपलं मूळ दुसऱ्यानं ठरवलं की राग येतो, आणि आपण स्वतः ठरवलं की त्यात भर घालायचा मोह होतो.

आयरिश लोकांनाही तो झाला. अकराव्या शतकात त्यांच्याकडे एक ग्रंथ सिद्ध झाला. त्यात आयर्लंडवर झालेल्या स्वाऱ्यांची हकिगत आहे आणि शेवटी येणारे आयरिशांचे पूर्वज म्हणजे स्पेनच्या मीलचे पुत्र. स्पेनमध्ये ब्रेओगननं बांधलेल्या उंच मनोऱ्यावरून हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी आयर्लंड दिसलं म्हणे! हिबर्निया आणि आयबेरिया ही नावं सारखी वाटतात, एवढाच त्या कथेला दुवा असावा. नंतर दुसरी कथा आली. १५८८ मध्ये इंग्लंडवर चालून गेलेलं स्पेनचं आरमार वादळात सापडलं आणि त्यातली बरीच जहाजं आयर्लंडच्या किनाऱ्यावर फुटली. काळ्या केसांचा, काळ्या डोळ्यांचा आयरिश दिसला की तो त्या खलाशांचा वंशज, असं लोक आजही सांगतात. प्रत्यक्षात किनाऱ्याला लागलेले बहुतेक खलाशी बुडाले तरी, नाहीतर मारले गेले. एका अख्ख्या देशाचे केस काळे करण्याइतके ते उरलेच नव्हते. पण फुटलेल्या जहाजाची गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसांना फार आवडते. आपल्या कोकणात बेने इस्रायली ज्यूंची नवगावच्या फुटलेल्या जहाजाची कथा आहेच.

आता स्पेनकडे वळू. आयबेरियन म्हणजे स्पेनच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याकडचे प्राचीन लोक. त्यांची लिपी १९२० च्या दशकात गोमेझ-मोरेनो यांनी उलगडली. त्यांचे लेख आज मोठ्यानं वाचता येतात, पण अर्थ लागत नाही. ही भाषा संस्कृत-केल्टिकच्या कुटुंबातली नाही, एवढं नक्की. देशाच्या मधल्या भागात राहत केल्टिबेरियन. त्यांची भाषा केल्टिक, पण ती लिहिली जाई आयबेरियन लिपीत. झारागोझाजवळ बोतोरिता इथे १९७० मध्ये असा एक मोठा ब्राँझचा पत्रा सापडला.

या मुलखातलाच एक कवी रोममध्ये गाजला, मार्शल. पहिल्या शतकातला. गाव बिल्बिलिस. आपण केल्ट आणि आयबेरियन अशा दोघांचे वंशज आहोत, हे तो कवितेत ऐटीत सांगतो, आणि कॉरिंथच्या एका नटव्या, कुरळ्या केसांच्या माणसाला आपले राठ स्पॅनिश केस दाखवून डिवचतो. दोन रक्तांचा असण्यात त्याला अडचण वाटत नव्हती. बिल्बिलिसच्या अवशेषांजवळ आज कालातायुद नावाचं शहर आहे. हे नाव अरबी, 'कलअत अय्यूब', म्हणजे अय्यूबचा किल्ला. आपला 'किल्ला' हा शब्दही त्याच अरबी शब्दाचा.

पण स्पेननं ही सरमिसळ सुखानं नांदू दिली नाही. १४४९ मध्ये तोलेदो शहरात ठराव झाला की ज्यांचे पूर्वज ज्यू होते त्यांनी, बाप्तिस्मा घेतला असला तरी, शहरात अधिकारपद भोगायचं नाही. 'रक्तशुद्धी'चे असे नियम मग जागोजाग झाले, मुसलमान पूर्वज असलेल्यांनाही लागू झाले. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्को, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती म्हणून नोंदले गेलेले मुसलमानांचे वंशज, देशाबाहेर घालवले गेले. धर्म बदलला, भाषा बदलली, तरी रक्त बदलत नाही, हा त्यामागचा हिशेब.

हाच खेळ विसाव्या शतकात नव्या शब्दांनी झाला. फ्रँकोच्या सुरुवातीच्या वर्षांत, जर्मनीशी गूळपीठ होतं तेव्हा, काही सरकारी पुरातत्त्वज्ञ स्पॅनिश लोक मुळात केल्टच, असं सांगू लागले आणि आयबेरियनांना त्यांनी बाजूला सारलं. गंमत अशी की त्याच राजवटीनं १९४१ मध्ये 'एल्चेची देवी' ही आयबेरियन बाईची प्रसिद्ध शिल्पमूर्ती फ्रान्सकडून वाजतगाजत परत आणली. वायव्येकडच्या गॅलिसियात मात्र केल्ट असणं हा माद्रिदपासून वेगळं असण्याचा पुरावा ठरला. एदुआर्दो पोंदाल या कवीच्या १८९० मधल्या कवितेतून त्यांचं प्रांतगीत आलं आणि त्यात गॅलिसिया ब्रेओगनची भूमी झाली.

अलीकडच्या दहा-बारा वर्षांत जुन्या हाडांतून डीएनए काढून वाचता येऊ लागला आणि या जुन्या भांडणात नवा साक्षीदार उभा राहिला. त्यानं कुणाचीच बाजू घेतली नाही. उत्तर स्पेनमधल्या ला ब्रान्या गुहेतल्या सात हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची कातडी गडद आणि डोळे निळे असावेत, असं २०१४ मध्ये जाहीर झालं. बेलफास्टजवळ बॅलिनाहॅटी इथे पुरलेली सव्वापाच हजार वर्षांपूर्वीची शेतकरी बाई काळ्या केसांची, तपकिरी डोळ्यांची होती आणि आजच्या सार्डिनिया बेटावरच्या लोकांशी तिचं जवळचं नातं दिसलं. ब्रिटनच्या पहिल्या शेतकऱ्यांचं नातंही त्या काळच्या आयबेरियातल्या शेतकऱ्यांशी जुळतं, असं २०१९ मध्ये दिसून आलं. म्हणजे स्पेनकडून आलेल्या सावळ्या पूर्वजांची गोष्ट अगदीच निराधार नव्हती. पण ती टॅसिटसच्या तीन-चार हजार वर्षं आधीची; आणि त्यानंतर, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मुलखाचा वारसा घेऊन युरोपभर पसरलेले लोक ब्रिटनमध्ये आले आणि काही शतकांत तिथला जवळजवळ नऊ दशांश वारसा बदलून गेला. आयर्लंडमध्येही तोच वारसा पोचला.

स्पेनची गोष्ट याहून उद्बोधक आहे. तिथेही हे लोक पोचले आणि इसवी सनापूर्वी २००० पर्यंत सुमारे चाळीस टक्के वारसा त्यांचा झाला. तो वारसा केल्टिक बोलणाऱ्यांत आहे, तसाच वेगळ्याच कुटुंबातली भाषा बोलणाऱ्या आयबेरियनांतही आहे, आणि बास्क लोकांतही. भाषा एकीकडे, रक्त दुसरीकडे. ब्रिटनमध्ये २०१५ मध्ये दोन हजारांवर माणसांची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत वेल्स, कॉर्नवॉल, स्कॉटलंड यांना एकत्र बांधणारा 'केल्टिक' असा गट सापडला नाही. आणि २०१९ मधल्या एका अभ्यासात, आजच्या स्पेनमध्ये उत्तर आफ्रिकेच्या वारशाचा अंश सर्वांत जास्त, सुमारे अकरा टक्क्यांपर्यंत, कुठे सापडावा? मुसलमानी राज्य जिथे सर्वांत जास्त काळ टिकलं त्या ग्रॅनडात नाही. केल्टपणाचा अभिमान मिरवणाऱ्या गॅलिसियात!

हे ऐकून कुणी गॅलिसियाच्या लोकांना हिणवायला निघेल तर तो बेडोच्याच रस्त्यानं चालला आहे, असं मी म्हणेन. फक्त कार्डाच्या जागी प्रयोगशाळा आली. त्या अकरा टक्क्यांनी त्यांचं गीत खोटं होत नाही. ब्रेओगनवर प्रेम करायला रक्ताचा दाखला लागत नाही, आणि मराठीत ओवी म्हणायलाही लागत नाही. पण कुणाला अधिकार द्यायचा, कुणाला हाकलायचं, कुणाच्या उपासमारीकडे पाठ फिरवायची, हे जेव्हा नाका-डोळ्यांवरून ठरायला लागतं, तेव्हा आपण सावध व्हायला हवं. तो दाखला मागणाऱ्याच्या हातात सातबाराचा उतारा असतो.

बॅलिनाहॅटीच्या त्या बाईचे केस काळे होते हे आज आपल्याला कळतं. तिच्या डोळ्यांचा रंग कळतो, तिच्या रक्तातला एक दोषसुद्धा कळतो. ती लेकराला काय नावानं हाक मारत होती, हे मात्र हाडं सांगत नाहीत. उलट आयबेरियनांचे शब्द शिशाच्या पत्र्यांवर कोरलेले आहेत. आपण ते उच्चारू शकतो, पण त्यांनी कुणाला काय सांगितलं ते उमगत नाही. माणसाची ओळख चेहऱ्यात शोधताना आपण हजारो कवट्या मोजल्या. त्या पत्र्यांवरचं एखादं वाक्य उद्या कुणाला कळलं, तर एल्चेच्या त्या बाईची आपली खरी ओळख व्हायला तिथून सुरुवात होईल.